पाणी निवळलं, पुढे काय?

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या विहिरीला लाल गढूळ पाणी येतं. शेवग्याच्या बियांनी ते साफ होतं म्हणतात. खरं का? (संगमेश्वर)

गढूळपणा जातो, हे खरं. झाडावरच वाळलेल्या शेंगेतल्या बिया घ्या, टरफल काढून आतला पांढरा गर बारीक कुटा. लिटरमागे एखाद-दोन बिया पुरतात. पाणी फारच लाल असेल तर थोड्या जास्त. पूड वाटीभर पाण्यात कालवून फडक्यातून गाळा आणि ते दुधाळ पाणी कळशीत ओता. मिनिटभर जोरात, मग पाचेक मिनिटं सावकाश ढवळा. नंतर तास-दोन तास कळशीला हात लावू नका. बियांतल्या प्रथिनांवर धन भार असतो, मातीच्या कणांवर ऋण. दोन्ही चिकटून तळाशी बसतात. आमची आजी घागरीत निवळीच्या झाडाचं बी घासायची, तेही याच जातीचं काम. मातीबरोबर बरेच जंतू खाली जातात, पण सगळे नाहीत. वरचं पाणी अलगद काढून उकळायचंच. आणि त्याच दिवशी संपवा, शिळं झालं की वास मारतं.

प्रश्न : सासूबाई जुन्या लुगड्याच्या घड्या करून पाणी गाळतात. त्यानं काही होतं का?

होतं. बांगलादेशात अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटानं हेच करून पाहिलं; 2003 साली छापलेल्या निष्कर्षांत कॉलरा जवळजवळ निम्म्यानं घटला होता. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून असतात, ते जीव फडक्यात अडकतात. सुटा जंतू मात्र आरपार जातो. लुगडं सुतीच हवं; धुऊन धुऊन त्याची वीण दाटते. रोज धुऊन कडक उन्हात वाळवा.

प्रश्न : पाणी उकळायला गॅस परवडत नाही. पाण्याची बाटली उन्हात ठेवली तर चालेल?

चालेल. बिनरंगी, ओरखडे नसलेली, दोन लिटरपर्यंतची पेट (PET) प्लास्टिकची बाटली सहा तास कडक उन्हात आडवी ठेवा. ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. आधी बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी करून तोंडातून खाली बघा. मथळा वाचता आला नाही तर पाणी आधी निवळायला हवं. कोकणातल्या जुलैत हा उपाय विसरा. तेव्हा मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं द्रावण घ्या, बाटलीवरच्या मात्रेनं टाकून अर्धा तास थांबा.

प्रश्न : आमचं पाणी खारं आहे. कोणतं बी चालेल? (अकोला)

कोणतंच नाही. उकळलं तर वाफ जाते, क्षार उरतात, पाणी आणखी खारट होतं. खारपाणपट्ट्यात पिण्यापुरतं छपरावरचं पाणी साठवा. पहिल्या पावसात छप्पर धुऊन निघू द्या, मग टाकीचा पाइप जोडा.