आधी ड्रायव्हर शोध

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत जुना ट्रक घेऊन मालवाहतुकीचा धंदा करायची तुझी एक्सेल शीट नीट पाहिली. फ्रेटलायनर कॅस्केडिया की व्होल्वो, पाच लाख मैल झालेला की सात लाख, डीलरकडून घ्यायचा की लिलावात, कर्ज किती वर्षांचं, डिझेल वाढलं तर काय, सगळ्याला रकाने आहेत. ड्रायव्हरला मात्र एकच रकाना, आणि त्यात प्रति मैल काही सेंट. तो कोण, कुठून येणार, तुझ्याकडे का येणार आणि आला तर का टिकणार, याचा पत्ता नाही. जणू टायरांबरोबर तोही गाडीला बसवूनच मिळतो.

तुझी हुशारी, तुझे कष्ट, हे पैसे कसे साठवलेस, ते सगळं मला ठाऊक आहे. म्हणून पाठ थोपटण्यात वेळ घालवत नाही. तू विचारलंस, 'काका, यातला कुठला ट्रक घेऊ?' माझं उत्तर: आधी ड्रायव्हर शोध. तो मिळेपर्यंत ट्रकच्या जाहिराती बघूही नकोस.

तुझ्या शीटमध्ये ट्रक आठवड्याला साडेतीन हजार मैल धावतो. कोण चालवतो रे तो? इथल्या फेडरल नियमाप्रमाणे सलग १० तास विश्रांती घेऊन ड्रायव्हर कामावर आला की त्याचं १४ तासांचं घड्याळ सुरू होतं आणि त्यात जास्तीत जास्त ११ तास गाडी हाकता येते. आठ तास हाकल्यावर अर्धा तास थांबणं सक्तीचं. आठ दिवसांत मिळून ७० तास, आणि त्यात गाडी तपासणं, डिझेल भरणं, माल चढवून घेणंही आलं. गोदामवाल्याने चार तास दारात ताटकळत ठेवलं तरी ते १४ तासांचं घड्याळ सहसा थांबत नाही. डिसेंबर २०१७ पासून हे सगळं इलेक्ट्रॉनिक लॉगमध्ये नोंदलं जातं, वहीत खाडाखोड करायचे दिवस गेले. दर आठवड्याला तुझे साडेतीन हजार मैल बहुधा एक तर कागदावर धावतील, नाही तर कायदा मोडून.

अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटने २०२३ सालचा ट्रक चालवण्याचा खर्च मैलाला सरासरी २.२७ डॉलर काढला होता. त्यातली सगळ्यात मोठी बाब डिझेल नाही आणि हप्ताही नाही. ड्रायव्हरचा पगार. सगळ्यात मोठा खर्च ज्या माणसावर होणार आहे, त्याच्याबद्दल तू एका ओळीत उरकतोस आणि इंजिनाबद्दल मला रात्री अकरा वाजता फोन करतोस!

ट्रक कसा निवडायचा तेही ड्रायव्हरच सांगतो. मी एकदा एका यार्डात एका ट्रकवर भाळलो होतो. नवे टायर, चकचकीत क्रोम, आतून अत्तर मारल्यासारखा वास. माझ्या ड्रायव्हरने इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मागे गेला, धुराच्या नळीत बोट घालून आतून फिरवलं आणि ते काळंकुट्ट बोट माझ्यासमोर धरलं. २००७ नंतरच्या इंजिनांना काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो धड असेल तर नळी आतून जवळजवळ स्वच्छ राहते. इथे फिल्टर फुटलेला होता, नाही तर कुणीतरी काढूनच टाकला होता. मग त्याने गाडीखाली वाकून चाकांच्या मधल्या भागावर टॉर्च मारला, तेल झिरपल्याचा डाग दाखवला आणि हात पुसत म्हणाला, "ही मी चालवणार नाही." विक्रेता माझ्याशी बोलत होता, ड्रायव्हर ट्रकशी. तू इंजिनाच्या कॉम्प्युटरचा रिपोर्ट घेच, तेलाची प्रयोगशाळेत तपासणी करच, डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चढवून ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने निसटणारा वायू) बघच. पण ज्याला त्या गाडीत रात्री झोपायचंय आणि उतारावर तिच्या ब्रेकवर जीव सोपवायचाय, त्याने 'हो' म्हटल्याशिवाय सही करू नकोस.

आणि विमा? एजंटला फोन करून बघ. ट्रकच्या मागोमाग तो चालकाची जन्मतारीख, सीडीएल (अवजड गाड्यांचा चालक परवाना) कधीपासून आहे, दंड किती झाले, अपघात किती, हेच विचारेल. बऱ्याच कंपन्यांना दोन वर्षांचा अनुभव लागतो. राज्याबाहेर साधा माल न्यायचा तर फेडरल नियमाने किमान साडेसात लाख डॉलरचं दायित्व विमाकवच हवं, आणि बहुतेक ब्रोकर (माल मिळवून देणारे दलाल) दहा लाखांचं मागतात. नव्या अथॉरिटीला (स्वतःच्या नावावरच्या मालवाहतुकीच्या सरकारी परवान्याला) त्याचा हप्ता जबर बसतो. ड्रायव्हर ठरलेला नसेल तर तो हप्ता नक्की किती हेच कळणार नाही, म्हणजे तुझी शीट पहिल्याच ओळीला अडली.

स्वतःची अथॉरिटी घेतलीस तर कायद्याच्या नजरेत वाहतूकदार तूच. नोकरीपूर्वी त्याची ड्रग टेस्ट, क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्रग-दारू चाचण्यांच्या सरकारी नोंदीत, चौकशी (हे २०२० पासून), वाहनचालक परवान्याची नोंद, वैद्यकीय पात्रतेची नोंद, या सगळ्याची फाइल तुझ्या कपाटात हवी. ऑडिटवाला पहिल्या वर्षभरातच येतो. परवाना, आयएफटीए (इंधन कर), २२९० (अवजड गाडीचा कर) हा कागदोपत्री भाग एखादा चांगला अकाउंटंट सांभाळेल, त्याची धास्ती घेऊ नकोस. पण 'त्याला १०९९ वर ठेवतो, कर वाचेल' (म्हणजे नोकर न दाखवता कंत्राटी दाखवतो) ही जी टीप तू शीटच्या तळाशी लिहिली आहेस, ती आजच्या आज खोड. ट्रक तुझा, माल तू ठरवणार, वेळ तू ठरवणार, मग तो स्वतंत्र व्यावसायिक कसला? तो नोकर आहे, त्याला नोकरासारखाच पगार दे.

थांबलेल्या तासांचेही पैसे दे. इथे १९३८ च्या मजुरी कायद्यातून असे ड्रायव्हर ओव्हरटाइमपुरते वगळलेले आहेत, आणि मैलावर पगार म्हणजे चाक थांबलं की कमाई थांबली. मी गोदामाच्या दारातल्या तासांचे पैसे देत असे. धंद्यातले मित्र हसायचे. "तू धर्मादाय संस्था काढली आहेस का?" हसू देत. त्यांचे ड्रायव्हर दर दोन-तीन महिन्यांनी बदलायचे, ट्रक यार्डात उभा राहायचा आणि हप्ता मात्र उभा राहत नसे.

एकदा वायोमिंगमध्ये, आय-८० वर लॅरमीच्या अलीकडून माझ्या ड्रायव्हरचा फोन आला. रिकामा ट्रेलर आणि वारं. तिथलं वारं कसं असतं ते तू पाहिलं नाहीस; रिकामे ट्रेलर आडवे होतात, हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद करतात. रस्ता अजून उघडा होता, ब्रोकर मला फोनवर फोन करत होता. मी ड्रायव्हरला म्हटलं, थांब. तो थांबला, तो माल दुसऱ्याने उचलला आणि त्या आठवड्याचा हिशेब तोट्यात गेला. तुझ्या काकूने तो हिशेब पाहून काही न बोलता वही मिटली. मला आजही वाटतं, मी बरोबर केलं. ड्रायव्हरला नियम मोडायला भाग पाडणं २०१६ पासून बेकायदाच आहे, पण मी ते कायद्यासाठी केलं नाही. ज्याच्या हातात ८०,००० पौंडांचं धूड देतो, त्याच्या 'नाही'चा मान राखायचा नसेल तर हा धंदा करूच नये.

खंत आहे का? आहे. २०२१ मध्ये भाडी आभाळाला भिडली तेव्हा माझ्या ओळखीच्यांनी भराभर ट्रक घेतले, मिळेल त्या भावाने. मी एकावरच राहिलो. पार्ट्यांत त्यांचे आकडे ऐकून घरी येताना गाडीत गप्प बसायचो. पुढे भाडी कोसळली, जुन्या ट्रकांचे भावही कोसळले आणि त्यातले काही कर्जात अडकले, हे खरं. पण काही तरलेही, आणि आज माझ्याहून कितीतरी पुढे आहेत, हेही खरंच. तसा दुसरा ड्रायव्हर मला सापडला नाही, म्हणून दुसरा ट्रक घेतला नाही. याला कुणी भित्रेपणा म्हणतात. म्हणोत.

आता तुझी अडचण. तू अजून एच-१बी वर आहेस. पैसे गुंतवणं वेगळं आणि रोज लोड ठरवणं, ड्रायव्हरला फोन करणं, बिलं पाठवणं वेगळं. हे दुसरं म्हणजे काम, आणि तुला तुझ्या कंपनीखेरीज दुसरीकडे काम करायची मुभा नाही. ट्रकचा विसार देण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेट. तो बहुधा म्हणेल, रोजच्या कारभारात हात घालू नकोस. मग ट्रक खऱ्या अर्थाने कुणाच्या भरवशावर चालणार? बघ, पुन्हा तिथेच आलो. एखाद्या चांगल्या वाहतूक कंपनीकडे ट्रक लीजवर लावला तरी त्यांच्या सुरक्षा विभागाला चालेल असा माणूस तुलाच आणावा लागतो, नाही तर ते स्वतःचा देतील आणि त्याच्या मर्जीवर तुझा हप्ता.

माझा तो ड्रायव्हर आता निवृत्त होऊन टेक्सासात असतो. रविवारी दुपारी चर्चहून आला की मोकळा असतो, मी त्याला सांगून ठेवलंय. त्याच्या ओळखीत दोन-तीन माणसं आहेत. पण तो लगेच नावं देणार नाही. घरी किती दिवसांनी पाठवशील, टायर फुटला तर रात्री फोन कोण उचलेल, पगार कुठल्या वारी जमा होईल, असं आधी तुलाच विचारेल. उत्तरं तयार ठेव. आणि त्याला एक्सेल पाठवू नकोस, तो उघडणार नाही.

तुझा,
काका