अडतीस जणांतला एक

चवथ, म्हणजे गोव्यातली गणेशचतुर्थी, जवळ आली की माझ्याकडे समुपदेशनात एक प्रश्न हमखास येतो: "गावी जायचंय, पण शाळेतल्या मुलांना तोंड कसं दाखवू?" पुण्याला स्थायिक झालेले एक गृहस्थ हाच प्रश्न घेऊन ऑनलाइन भेटले. मूळचे गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, वय चाळिशीपुढचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

दहावीच्या वर्गाचं स्नेहसंमेलन चवथीनंतर ठरलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी '९६' हा तमिळ सिनेमा लावला. शाळा अर्ध्यावर सुटलेला राम खूप वर्षांनी तंजावरला आपल्या शाळेत येतो, आणि तिथूनच जुन्या वर्गाची भेट ठरते. "तो शाळेत शिरला आणि मी मोबाइल पालथा ठेवला, मॅडम. घामच फुटला."

वर्गात ते हुशार. पुढे खनिज वाहतुकीसाठी कर्ज काढून टिपर घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. टिपर दारात उभा, हप्ते चालूच. तेव्हा कितीतरी घरं अशी होरपळली. त्यात कुणाच्या हुशारीचा काय दोष?

मी त्यांना कॉर्नेल विद्यापीठातल्या गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना ओशाळवाणं वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी पाहिला असणार, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण चौथाई लोकांच्याच लक्षात आला. लोक आपल्याकडे वाटतं तितकं पाहत नसतात. या गृहस्थांना हे पटलं, पण चेहरा काही सैल होईना.

मग मी वर्गाचा जुना फोटो समोर धरायला सांगितला. अडतीस मुलं. "ज्याच्यापुढे मान खाली जाते, त्याच्यावर बोट ठेवा." बोट बराच वेळ फिरलं आणि मागच्या रांगेत थांबलं.

"हा. माझ्या कर्जाला जामीन राहिला होता. मी न सांगता पुण्याला निघून आलो. सात हप्ते यानं भरले."

बाकी सगळ्यांपुढे वाटत होती ती लाज, आणि ती बऱ्याच अंशी मनाचीच होती. या एकापुढे मात्र अपराध होता, खराखुरा. त्याला "लोक विसरलेत हो" असं सांगून चालत नाही. असा धीर देणं मला अप्रामाणिक वाटतं. तिथे माफी मागावी लागते, आणि तीही चारचौघांत, जेवणाच्या रांगेत नव्हे. म्हणून आम्ही ठरवलं: संमेलनाचं नंतर पाहू, आधी त्याच्या घरी जायचं. काय बोलायचं ते चार वाक्यांत लिहून काढलं. खाणीचं नाव त्यात एकदाही येऊ द्यायचं नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी ते गेले. मित्र स्टुलावर उभा राहून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधत होता. त्याने वळून पाहिलं. "खंय आशिल्लो रे इतलीं वर्सां?" यांची चारही वाक्यं घशातच अडकली. मित्र खाली उतरला नाही. थोड्या वेळाने त्याने नुसताच हात पुढे केला, आणि यांनी सुपारीचा घोस उचलून त्याच्या हातात दिला. माटोळी पुरी होईपर्यंत हे एकेक फळ देत राहिले. मग ओसरीवर बसून ती वाक्यं बोलले.

"फोन तरी करायचा होतास," मित्र म्हणाला. पहिल्या दोन हप्त्यांचे पैसे त्याने मोजून घेतले.

संमेलनाला हे अर्धा तासच थांबले. मित्र आला होता, पण लांबच्या टेबलावर बसला. उरलेले पाच हप्ते दर महिन्याला जातात.