सायकॉलॉजी घेऊ का? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

प्रश्न: मॅडम, सगळ्या मैत्रिणी आपले प्रॉब्लेम मलाच सांगतात, मला माणसं पटकन कळतात. म्हणून सायकॉलॉजी घेऊ का?

लोक तुझ्याशी मोकळेपणाने बोलतात ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण "मला माणसं कळतात" ह्या खात्रीलाच पहिल्या वर्षी धक्का बसतो बघ, आणि माझ्या मते हा विषय घ्यायचं सगळ्यात मोठं कारण तेच. 1974 चा लॉफ्टस आणि पामर ह्या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग घे, गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली आणि मग वेग किती होता विचारलं, एका गटाला "गाड्या धडकल्या तेव्हा" असं आणि दुसऱ्याला "गाड्या चक्काचूर होऊन आदळल्या तेव्हा" अशा अर्थाचा जोरकस शब्द वापरून. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? जोरकस शब्दवाल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, साध्या शब्दवाल्या 50 पैकी 7. फिल्ममध्ये काचा नव्हत्याच! एका शब्दाने आठवण बदलते, मग साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा, पेशंटला कसा, लहान मुलाला कसा, हे सगळं नव्याने शिकावं लागतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी दिवस माझ्याच आठवणी तपासत बसले होते.

प्रश्न: स्टॅटिस्टिक्स असतं म्हणे, माझं गणित कच्चं आहे. जमेल का?

जमेल. आकडेमोड सॉफ्टवेअर करतं, तुला फक्त शंका घेता आली पाहिजे, म्हणजे सॅम्पल किती होतं (किती जणांवर प्रयोग केला), तुलनेला दुसरा गट होता का, हा फरक योगायोगाने तर आला नाही ना. 2015 मध्ये सायकॉलॉजीतल्याच संशोधकांनी 100 जुने प्रयोग परत करून पाहिले आणि जेमतेम 36 टक्क्यांत पुन्हा तसा ठोस निकाल आला. काही जण म्हणतात, मग ह्या विषयात राम नाही. मला उलट अभिमान वाटतो, स्वतःच्या चुका अशा उघड मोजल्या म्हणून. तेव्हा स्टॅट्सचा पेपर टाळायच्या वाटा शोधू नकोस.

प्रश्न: मला स्वतःलाच एन्झायटी आहे. स्वतःला समजून घ्यायला हा कोर्स केला तर?

समजेल बरंच, पण डिग्री म्हणजे उपचार नव्हे. आजारांचा पेपर वाचताना प्रत्येक लक्षण आपल्यातच दिसायला लागतं, ज्यांना काही त्रास नाही त्यांनाही. त्यामुळे थेरपिस्टकडे आत्ताच जा, कोर्ससाठी थांबू नकोस. आणि एन्झायटी आहे म्हणून ह्या फील्डमध्ये येऊच नये असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नकोस, प्लीज.

प्रश्न: डिग्री झाली की लगेच क्लिनिक उघडता येतं का?

नाही. क्लिनिकल कामाला पुढचं शिक्षण आणि अनुभवी माणसाच्या हाताखाली ट्रेनिंग लागतं, लायसन्सचे नियम देशोदेशी वेगळे. सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनाच्या आजारांवर औषधं देणारा डॉक्टर, व्हायचं असेल तर वाट मेडिकलची. बाकी पहिल्या डिग्रीवर एचआर, मार्केट रिसर्च, युजर रिसर्च (लोक ॲप, वेबसाइट कशी वापरतात ह्याचा अभ्यास) अशा कामांत शिरता येतं. घरच्यांना हे ॲडमिशनच्या आधीच नीट सांग, किती वर्षं लागणार ते धरून.