अर्धा कोरा कागद

प्रिय सूनबाई,

तुझं सात पानी पत्र दोनदा वाचलं. तू सांगलीची, आठ वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या पर्थशायरमधल्या एका उमराव घराण्यात पडलीस. किताब आहे, चौतीस खोल्यांचा वाडा आहे, पण छप्पर शाकारायला पैसा नाही. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून एक्याऐंशी वर्षांचे सासरे गावच्या मासिकात घरावर, मेंढ्यांवर, कुत्र्यांवर आणि तुझ्यावर विनोदी टिपणं लिहितात. महिन्यातून एकदा तुम्ही एडिंबरोहून वाड्यावर जाता, आणि गावातल्या दुकानात लोक तुला हसत विचारतात, "आज स्वेटर किती?" यंदा नाताळला जायचंच नाही असं तू ठरवून टाकलंयस. माझा फक्त होकार हवाय.

तो मिळणार नाही.

पाचव्या पानावर तू एक वाक्य लिहिलंस आणि तशीच पुढे गेलीस. टिपण छापायला जाण्याआधी सासरे ते रात्री तुझ्या दाराखालून आत सरकवतात, "तेही अर्धा कागद कोरा सोडून, एरवी इतके चिक्कू असून". तुला वाटतं, हे मुद्दाम खिजवणं. अगं, हा माणूस आलेली पाकिटं फाडून, उलटी करून त्यांवर वाणसामानाची यादी लिहितो, असं तूच दुसऱ्या पानावर सांगितलंयस. तो अर्धा कागद फुकट का घालवेल?

माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. कच्चा मसुदा लिहायचा तर ते कागद उभा मधोमध दुमडायचे आणि घडीवरून नख फिरवायचे. ते कर्र वाजलेलं मला अजून ऐकू येतं. एका अर्ध्यात मजकूर, दुसरा अर्धा कोरा. कोरा भाग साहेबाचा: तिथे त्याने खोडायचं, भर घालायची, काय चुकलं ते लिहायचं. ही रीत इंग्रजी अमलातली. तुझ्या सासऱ्यांचे आजोबा मुंबई इलाख्यात कलेक्टर होते म्हणतेस. तसे स्कॉटिश उमरावांचे धाकटे मुलगे इकडे बरेच आले. १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हाही अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा धाकटा मुलगाच. तेव्हा तुझ्या दाराखालून येतो तो मसुदा आहे, आणि कोरा अर्धा भाग तुझा आहे. चार वर्षं तो कोराच परत जातोय.

सोबत पाठवलेली कात्रणंही मी वाचली. "आमच्या घराण्यात थंडीबद्दल तक्रार करणारी ही पहिली सून. आधीच्या सगळ्या तक्रार न करता वारल्या." यात तुझी चेष्टा कुठे आहे? तो त्या वाड्यावर, आपल्या पूर्वजांवर आणि, मला वाटतं, स्वतःवर बोट ठेवतोय. त्याची बायकोही त्याच गारठ्यात गेली. दुसऱ्या कात्रणात तो म्हणतो, बर्फ पडायच्या आधी काळतोंड्या मेंढ्या आपण होऊन डोंगर उतरतात, मुलगे मात्र फोन केल्याशिवाय येत नाहीत. तिसरं मला सगळ्यांत आवडलं. २८ नोव्हेंबर २००४ ला स्कॉटलंडमधली सरंजामी जमीनधारा कायद्याने संपली. त्या सकाळी तो उठला तर कुणाचाच धनी उरला नव्हता, फक्त कुत्र्यांना कुणी कळवलं नव्हतं. एकट्या पडलेल्या माणसाचं लिहिणं आहे हे, आणि चांगलं लिहिणं आहे.

हिंगाचं टिपण मात्र वाईट. तू वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी आमटी केलीस आणि त्याने लिहिलं की "करी"च्या वासाने कुत्रे अंगणात राहायला गेले. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते येणारच. पण तो कागद छापायच्या आदल्या रात्री तुझ्या हातात होता ना? त्या आमटीचं कारण तुझ्याशिवाय त्याला कोण सांगणार होतं?

स्कॉटलंडमधल्या बड्या घरांचा विक्षिप्तपणा मोठा खर्चीक असायचा. डनमोरच्या अर्लच्या बागेतल्या घरावर चौदा मीटर उंचीचा दगडी अननस आजही उभा आहे. एग्लिंटनच्या अर्लने १८३९ च्या ऑगस्टमध्ये चिलखतं चढवून मध्ययुगीन भालेझुंजींचा सोहळा भरवला आणि धो धो पावसात हजारो पाहुणे चिखल तुडवत घरी गेले. हॅमिल्टनचे दहावे ड्यूक १८५२ मध्ये वारले, तर त्यांची ममी करून इजिप्शियन दगडी शवपेटीत ठेवली. यांतल्या कुणी आधी सुनेचं मत घेतलं असेल असं मला वाटत नाही. तुझा सासरा घेतोय, दर महिन्याला.

"नवरा बिचारा दोघांच्या मध्ये सापडलाय" असं तू तीनदा लिहिलंस. त्याचं मला काही वाटत नाही. तो त्याच घरात वाढला, बापाचा दुमडलेला कागद त्याला कळायला हवा होता, आणि आठ वर्षांत तुला समजावून सांगायलाही हवा होता. त्याला बाजूला ठेव.

नाताळला जा. अंधार चारच्या आतच पडतो तिथे, संध्याकाळ मोठी असते. कागद आला की दिवा लाव, पेन्सिल घे आणि कोऱ्या भागात लिही. पहिली दुरुस्ती जुनीच कर: "करी" खोडून "आमटी" लिही, शेजारी वडिलांचं नाव आणि तिथी. मग नव्या मजकुरात जिथे खोटं वाटेल तिथे "खोटं" लिही, जिथे हसू येईल तिथे तसं लिही. सकाळी नाश्त्याच्या आधी तो कागद त्यांच्या दाराखालून आत सरकव. तोंडाने काही बोलू नकोस.

आणि इतकं करूनही त्यांनी तुझी दुरुस्ती गाळून तसंच छापलं, तर मला कळव. पुढच्या नाताळला सांगलीला ये असं मग मीच सांगेन.

तुझी,
मावशी