पहिल्या मिशन दौऱ्याला निघण्यापूर्वी

प्रथमच मिशन दौऱ्यावर, म्हणजे चर्चतर्फे दुसऱ्या ठिकाणी सेवाकार्यासाठी, निघालेल्या विद्यार्थ्याला बहुधा असे वाटते, की दिवसभराचे काम ही केवळ सुवार्ता (येशूचा संदेश) सांगण्याची प्रस्तावना आहे. हा समज घरीच ठेवून यावा. भिंत रंगवायची असेल, तर सुटलेला जुना रंग खरवडून, पॉलिश पेपरने घासून आणि धूळ पुसूनच ब्रश हाती घ्यावा, कारण तुम्ही परतल्यावर महिनाभरात पोपडे निघाले, तर तुमच्या साक्षीचीही, म्हणजे आपल्या विश्वासाविषयी तुम्ही सांगितलेल्या अनुभवाचीही, तीच गत होते. (आमच्या पहिल्या दौऱ्यात नेमके हेच घडले आणि ते काम स्थानिक चर्चच्या मंडळीला पुन्हा करावे लागले.)

विश्वासाविषयी बोलताना बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रातील ३:१५ हे वचन ध्यानात असू द्यावे: आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायचेच आहे, पण सौम्यतेने आणि आदराने. मदत आणि प्रार्थना यांची सांगड अशी कधीही घालू नये, की समोरच्याला नकार देणे अवघड जावे. स्वतःची साक्ष तीन मिनिटांत, चर्चची परिभाषा टाळून सांगण्याचा सराव करावा; ‘तारण’ (पापातून सुटका) या शब्दापाशी दुभाषीही अडखळतो. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांची छायाचित्रे काढू नयेत, आणि ‘पुन्हा येऊ’ हे आश्वासन, ते पाळण्याची खात्री नसेल, तर मुळीच देऊ नये.