घरात माणसं चार आणि डबे साठ, स्वयंपाकघर आवरायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की कट्ट्यावर पोळपाट ठेवायला जागा नाही, मांडणीवर डब्यावर डबे चढलेत, सासूबाई काही टाकू देत नाहीत, मग ऑनलाइन मिळतात ते एकसारख्या डब्यांचे सेट मागवावेत का. माझं ऐका, आत्ता मागवू नका. मी बेळगावात शहापूरला राहते, आमच्याकडं अगदी हेच होतं आणि आवरायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

खरा घोळ भरण्यात आहे बघा. आमच्या घरात एकेकाळी अकरा माणसं जेवायची, खानापूरच्या बाजूला शेत, तिथनं भात यायचा, तो काढून तांदळाची पोती लागायची, उन्हाळ्यात वर्षाची चटणी, पापड, सांडगे, डाळी सगळं व्हायचं. आता आम्ही चौघं. दीर पुण्याला, नणंदा आपापल्या घरी, पण बेगमी मात्र अकरा जणांचीच चाललेली कारण किती लागतं हे कुणी मोजलंच नव्हतं. मग मी एक महिना दुसरं काही केलं नाही, कॅलेंडरच्या मागं नुसतं लिहीत गेले, तांदूळ किती संपला, रवा किती, साखर किती. तांदूळ आठ किलो, तूरडाळ दोन, रवा दीड. आणि घरात त्यावेळी रवाच सहा किलो होता, तीन वेगवेगळ्या डब्यांत, एकात जाळी धरलेली.

चटणीचं सांगते. आमच्यात चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं लाल तिखट. सासूबाई दरवर्षी पाच किलो मिरची घ्यायच्या, तिखटपणाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी, भाजून डंकावर कांडून आणायची, हिंगाचे खडे घालून चिनीमातीच्या बरण्यांत दाबून भरायची. मे महिन्यात नवी करायची वेळ आली तेव्हा मी जुन्या बरण्या खाली काढल्या आणि उरलेली त्यांच्यासमोरच तराजूत घातली, पावणेदोन किलो भरली, तळाची तर काळी पडलेली, वास गेलेला. मी एक शब्द बोलले नाही. त्या थोडा वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "असं असलं तर औंदा दोन किलोच घेऊया की गं." त्या दिवशी तीन बरण्या रिकाम्या झाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं धुऊन उन्हात पालथ्या घातल्या. म्हणून म्हणते, टाका टाका करून वाद घालण्यापेक्षा वजन करून दाखवा.

आणि आपल्याकडचा पाऊस धरून चाला. जूनपासनं दसऱ्यापर्यंत हवेत ओल असते, मीठ पाझरतं, रव्याला जाळी, मुगाला भुंगे, माळ्यावरच्या डब्यांना कुबट वास. त्यामुळं पावसाच्या तोंडावर महिन्याच्या वर भरायचंच नाही. तांदूळ, डाळ मे महिन्याच्या उन्हात वाळवून पूर्ण गार करूनच डब्यात, गरम भरलं की झाकणाला घाम सुटतो. रवा, मैदा, बेसन आणलं की पिशवीसकट चार दिवस फ्रीझरमधे ठेवते, किडा होत नाही. आणि जुन्यावर नवीन कधीही ओतू नका! तळाला अळी असते ती नव्यात जाते. जुनं वाटीत काढायचं, डबा धुवून वाळवायचा, नवीन खाली, जुनं वर. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मात्र घरात आणू नका, त्यातनं निघणाऱ्या वायूनं माणसं दगावतात.

मांडायचं फार अवघड नाही. रोजचं लागणारं कमरेपासनं डोळ्यांपर्यंतच्या फळीवर, जड खाली, सणावाराचं वर. मसाल्याचा डबा शेगडीच्या वर नको, वाफेनं हळद-तिखटाचे गोळे होतात. कांदे एका बुट्टीत, बटाटे दुसऱ्या. ज्या डब्याला झाकण सापडत नाही आणि ज्या झाकणाला डबा, ते घराबाहेर, कोटिंग निघालेले नॉनस्टिक तवेपण.

आता सासूबाईंची भांडी, हे नाजूक आहे. मी एकदा न विचारता पितळेचं एक पातेलं मोडीत घातलं, कल्हई उडालेली, आंबट काही करता येत नव्हतं, मला वाटलं काय उपयोग. त्याच्या काठावर टिंबाटिंबांनी त्यांच्या आईचं नाव घातलेलं होतं. मी बघितलंच नव्हतं. त्या मला रागावल्या नाहीत, पण पुढचे कितीतरी दिवस कट्ट्याकडं फिरकल्या नाहीत, आणि ते पातेलं काही परत मिळालं नाही. ह्याची चुटपुट मला आजही आहे. त्यानंतर मी एका दुपारी सगळी भांडी खाली काढून त्यांच्याजवळ बसले आणि एकेकावरचं नाव वाचत गेले, हे कुणी दिलं, हे कुठल्या लग्नातलं. तीन तास गेले. त्यांनी आईची एक चरवी आणि एक डबा ठेवला, त्यांना कल्हई करून घेतली, दोन्ही रोजच्या वापरात आहेत. बाकीची नणंदांना, ज्याच्यावर जिचं नाव ती तिला. स्टीलची पंचवीस ताटं मात्र ठेवलीत, गल्लीत कुणाकडं कार्य निघालं की मागायला येतात. ती पोत्यात बांधून माळ्यावर, बाहेरनं चिठ्ठी लावून.

तर तुम्ही पण आधी महिनाभर लिहा, मग सासूबाईंना घेऊन बसा, डब्यांचं सगळ्यात शेवटी. माप कळलं की किती आणि केवढे लागतात ते आपोआप कळतं, मला शेवटी नवीन सहाच लागले, दोन लिटरचे.