टेकाडातली माणसे आणि घरातला खून

गेल्या महिन्यात नाशिकच्या आमच्या वाचक-मंडळाने आयरिश लोकसमजुतींवर उभी असलेली एक इंग्रजी खूनकथा वाचायला घेतली होती. पश्चिम आयर्लंडमधल्या एका खेड्यात १ नोव्हेंबरच्या पहाटे, जुन्या मातीच्या गोल गढीत, एका विधवेचे प्रेत सापडते. गाव म्हणते, ‘त्यांनी’, म्हणजे टेकाडात राहणाऱ्या अदृश्य माणसांनी (इंग्रजीत ‘फेअरी’), तिला नेले. तपासात मात्र असे उघड होते की, गढीची जमीन विकायला ती तयार नव्हती, म्हणून दिरानेच तिला विष घातले. खालील उत्तरांमध्ये रहस्य फुटलेले असल्यामुळे कादंबरीचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

प्रश्न : कादंबरीतला काळ अलीकडचा आहे. घरोघरी ट्रॅक्टर आणि टेलिफोन असलेले गाव मातीच्या एका गोल गढीला हात लावायला घाबरते, हे मला पटले नाही. लेखिकेने वातावरणासाठी अतिशयोक्ती केली आहे, असे वाटते.
— एक निवृत्त अभियंता, इंदिरानगर

उत्तर : आपण अभियंता आहात, म्हणून रस्त्याचेच उदाहरण देतो. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून येथे महामार्गाची आखणी चालू असताना वाटेत एक काटेरी झुडूप आले. ते टेकाडातल्या माणसांचे आहे, तोडले तर त्या रस्त्यावर माणसे मरतील, असा आग्रह एडी लेनिहान या कथेकऱ्याने वृत्तपत्रातून धरला. अखेर झुडूप राखून रस्ता करण्यात आला. गढ्यांचेही तसेच आहे. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने ती बहुतांशी मध्ययुगाच्या आरंभीच्या शेतकऱ्यांची कुंपणाची घरे होत. पण आयर्लंडभर आजही अशा ४०,०००हून अधिक जागांची नोंद आहे, आणि त्या नांगराखाली गेल्या नाहीत याचे एक मोठे कारण ही भीतीच आहे. रस्त्याच्या कडेचा शेंदूर फासलेला म्हसोबा हलवायचा म्हटल्यावर आपल्याकडचा कंत्राटदार आधी नारळ फोडतो, तो काही अडाणी असतो म्हणून नव्हे. कादंबरीतला दीर स्वतः काहीच मानत नाही, परंतु गाव मानते हे त्याला पक्के ठाऊक असते आणि त्याचा सगळा बेत त्या एका ज्ञानावर उभा असतो. गावाची भीती खोटी ठरवली तर खुनाचा पायाच निसटतो.

प्रश्न : विषाचा उलगडा अखेरच्या तीन प्रकरणांत अचानक येतो. ही वाचकाची फसवणूक नाही का? फॉक्सग्लव्हने माणूस असा मरू शकतो का?
— औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : मरू शकतो. फॉक्सग्लव्ह ही वनस्पती म्हणजेच डिजिटॅलिस. त्याचा हृदयविकारावरील उपयोग विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली ग्रंथरूपाने मांडला, आणि औषधाची मात्रा व मारक मात्रा यांत अंतर किती थोडे असते, हे आपल्याला अभ्यासक्रमातूनच माहीत असेल. आपल्या अंगणातल्या आणि महामार्गाच्या दुभाजकावरच्या कण्हेरीतही हृदयावर तशाच रीतीने काम करणारी द्रव्ये असतात. फसवणुकीच्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. तिसऱ्या प्रकरणात ती विधवा शेजारणीला सांगते की, दोन दिवसांपासून दिव्याभोवती पिवळे कडे दिसते आणि दूधही पिवळसर वाटते. शेजारीण ते टेकाडातले बोलावणे समजते, आपणही वाचताना तसेच समजतो. वास्तविक दृष्टीला पिवळेपणा येणे हे डिजिटॅलिसच्या विषबाधेचे जुने, नोंदलेले लक्षण आहे. शिवाय ‘त्यांनी’ खरे माणूस नेऊन त्याच्या जागी ठेवलेल्या तोतयावर उतारा म्हणून हीच वनस्पती देण्याची चाल आयरिश खेड्यांत होती, त्यामुळे तिच्या काढ्याचे भांडे घरात सापडले तरी कोणाला वावगे वाटत नाही. धागा उघड्यावर ठेवून त्यावर लोकसमजुतीचे पांघरूण घालण्याचे हे काम मला तरी अत्यंत कसबाचे वाटले.

प्रश्न : मला या पुस्तकाचा राग आला. चार माणसे तिला जबरदस्तीने काढा पाजताना पाहतात आणि कोणीही काही बोलत नाही. एवढी माणसे एकाच वेळी गप्प कशी बसतील?
— एक गृहिणी, सिडको

उत्तर : आपला राग योग्य जागी आहे, आणि उत्तर द्यायला मला कादंबरीच्या बाहेर जावे लागेल. १८९५ सालच्या मार्च महिन्यात टिपरेरी परगण्यातल्या बॅलिव्हाडली येथे ब्रिजेट क्लिअरी नावाची पंचविशीतली स्त्री आजारी पडली. ती शिवणकाम करून आणि कोंबड्यांची अंडी विकून स्वतःचे पैसे मिळवणारी होती. तिचा नवरा मायकेल पिंपे बांधण्याचा धंदा करी. ही आपली बायको नव्हे, खरीला टेकाडात नेऊन तिच्या जागी तोतया ठेवला आहे, असे त्याने मनात घेतले. डॉक्टर येऊन गेला होता, धर्मगुरूही येऊन गेला होता. तरीही तिला धरून वनस्पतींचा कडू काढा पाजण्यात आला, चुलीच्या विस्तवावर धरण्यात आले, ‘तू ब्रिजेटच आहेस ना’ असे पुन्हा पुन्हा वदवून घेण्यात आले, आणि दुसऱ्या रात्री नवऱ्याने तिच्या अंगावर दिव्याचे तेल ओतून तिला जाळले. घरात तिचा बाप होता, आतेमामे भावंडे होती, शेजारी होते. प्रेत २२ मार्चला उथळ खड्ड्यात सापडले; तोवरच्या काही रात्री नवरा हातात सुरी घेऊन जवळच्या गढीपाशी उभा राहिला होता, कारण पांढऱ्या घोड्यावरून खरी ब्रिजेट बाहेर येईल आणि तिचे दोर कापून तिला सोडवता येईल, असे तो सांगत असे. न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल २० वर्षांची सक्तमजुरी दिली. १५ वर्षांनी, १९१० साली, तो सुटला.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. त्या घरातली माणसे गप्प बसली नव्हती, ती हात धरत होती. ‘उपचार’ हा एक शब्द मध्ये आला की मारहाण पाहणाऱ्याला मारहाण दिसेनाशी होते. आपल्या राज्याने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या निमित्ताने दोरखंडाने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे अशी कृत्ये नावे घेऊन नोंदवावी लागली, आणि एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणेही. उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात डाकीण ठरवल्या गेलेल्या बाईच्या बातम्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात येते : आळाच्या मागे शेताचा बांध, वाटणी, एकटी राहणारी विधवा यांपैकी काही ना काही असते. कादंबरीतला दीर याच वाटेने जातो, म्हणून मला ती चौकडी अविश्वसनीय वाटली नाही. लेखिका चुकली असेल तर एकाच ठिकाणी. अखेरीस दिराचा कबुलीजबाब सतरा पाने चालतो, आणि ज्यांनी भांडे तोंडाला लावले त्यांना मात्र एकही प्रश्न विचारला जात नाही. तो विचारला जायला हवा होता.

प्रश्न : मी या कादंबरीचा मराठी अनुवाद करण्याच्या विचारात आहे. ‘फेअरी’ला परी म्हणावे, की साती आसरा? ‘बॅनशी’ला हडळ चालेल का?
— नाशिकरोड

उत्तर : परी नको; तिच्याबरोबर पंख आणि जादूची कांडी येते, आणि हे लोक तर माणसाएवढे, गुरे राखणारे, शेजाऱ्यासारखे रुसणारे आहेत. आसरा पाण्याच्या असतात, त्यांना नदीकाठी नैवेद्य लागतो; साम्य आहे, पण त्या गोदावरीच्या काठी राहू द्याव्यात. हडळ तर पूर्णच चुकेल, कारण हडळ झपाटते, बॅनशी कोणालाही मारत नाही. ती ठरावीक घराण्यातल्या मृत्यूआधी रडते, एवढेच. टिटवी ओरडली की आपल्या घरांतून चर्चा होते, ती भावना तिच्या जवळची आहे. मूळ शब्द ‘बॅन शी’, म्हणजे टेकाडातली बाई. यातला ‘शी’ हा टेकाडाचा शब्द तसाच ठेवून पहिल्या वेळी अर्थ द्यावा. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र तोही घालू नये. माझी आजी दिवेलागणीनंतर सापाला ‘जनावर’ म्हणत असे, आणि आयरिश माणूसही त्यांचे नाव टाळून ‘ती भली माणसे’ म्हणतो. ‘साउइन’ या १ नोव्हेंबरच्या सणाचा उच्चारही तपासून घ्यावा. इंग्रजी अक्षरांवरून पुष्कळजण ‘सॅमहेन’ लिहितात.